अडत्या, मॉडेल आणि आयलीन फोर्ड

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मॉडेलिंगवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. कला शाखेतील मित्रांना तर ही आमची घुसखोरीच वाटेल. परंतु हा लेख साड्या, दागिने वा सौंदर्य यांविषयी नाही. तो दलालीविषयी आहे, आणि दलाली हा आमच्या अभ्यासक्रमातील विषय आहे. लेख लिहिण्यास कारण घडले ते असे.

गेल्या वर्षी माझ्या मावसबहिणीला, म्हणजे ताईला, एका दूरच्या शहरातील मॉडेलिंग एजन्सीकडून निरोप आला. तिचे फोटो त्यांना पसंत पडले होते. काम नक्की मिळेल असे ते सांगत होते. मात्र त्याआधी पोर्टफोलिओ, म्हणजे फोटोंचा संच, त्यांच्याच फोटोग्राफरकडून काढून घ्यायचा आणि त्यासाठी पंचवीस हजार रुपये आगाऊ भरायचे. काकांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "तू कॉमर्सचा ना? मग सांग, भरायचे की नाही?"

बेळगावात मी मावशीकडे राहूनच शिकतो. त्यामुळे उत्तर टाळणे शक्य नव्हते. मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. त्या आठ दिवसांत मला अमेरिकेतील आयलीन फोर्ड या बाईंची ओळख झाली. आणि गंमत अशी की, त्या बाईंचे मोठेपण मला समजले ते आमच्या तलमडुगुच्या कापसामुळे.

अडतीचा धडा

तलमडुगु हे माझे गाव. तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातले हे एक मंडल. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. आमच्या घरात मराठी आणि बाजारात तेलुगू. शाळा मराठी माध्यमाची. तेलुगू लिपी येत असल्यामुळे बेळगावच्या कन्नड पाट्या मला पहिल्याच आठवड्यात वाचता येऊ लागल्या, अर्थ कळायला मात्र वर्ष गेले. असो.

आमच्याकडची जमीन काळी आणि पीक कापसाचे. जूनमध्ये सरकी टोबायची, दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू करायची आणि कापूस आदिलाबादच्या बाजारात न्यायचा. तिथे शेतकऱ्याला पहिला भेटतो तो अडत्या. माल शेतकऱ्याचा, पैसा खरेदीदाराचा आणि मधली जागा अडत्याची. तो गिऱ्हाईक आणतो, तोल करवतो, हिशेबपट्टी लिहितो आणि आपली अडत कापून घेतो. त्याला कोणी शिव्या देतात, कोणी देव मानतात. लहानपणी मला वाटे, हा माणूस काहीच पिकवत नाही, मग याला पैसे कशाचे?

एका वर्षी याचे उत्तर उलट्या बाजूने मिळाले. बाबांनी सगळा कापूस एका अडत्यामार्फत विकला. भाव चांगला लागला होता. पट्टी हातात आली, पैसे मात्र आले नाहीत. पुढच्या सोमवारी या, खरेदीदाराने अजून दिले नाहीत, असे दीड महिना चालले. शेवटी अडत्या म्हणाला, "आजच रोख पाहिजे असेल तर शेकडा दोन कापून देतो." घरात आजीचे औषध आणि माझ्या प्रवेशाची फी, दोन्ही थांबलेली होती. बाबांनी दोन टक्के सोडले आणि पैसे घेतले. परत येताना गाडीत एवढेच म्हणाले, "पैसा हातात पडला म्हंजे कापूस इकला. तोवर नुसता देऊन टाकला म्हणावं."

दोन वर्षांनी आम्ही 'करार कायदा' शिकलो तेव्हा या वाक्यातील कायदा मला दिसला. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १८२ मध्ये एजंटची व्याख्या आहे: दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करण्यासाठी नेमलेला माणूस तो एजंट आणि ज्याच्या वतीने व्यवहार होतो तो प्रिन्सिपल. (वाचकांनी दचकू नये, हे आपल्या महाविद्यालयातील प्रिन्सिपल नव्हेत. इथे प्रिन्सिपल म्हणजे माझे बाबा.) कलम २१८ सांगते की, प्रिन्सिपलच्या नावावर आलेले पैसे एजंटने त्याला दिलेच पाहिजेत. कलम २१९ सांगते की, वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत एजंटला मोबदला मागता येत नाही.

पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. कलम २१८ 'आलेले' पैसे द्यायला सांगते. खरेदीदाराने पैसेच दिले नाहीत तर? तोवर थांबायचे कोणी? शेतकऱ्याने की अडत्याने? सगळी दलाली या एका प्रश्नावर पारखता येते, असे मला वाटते. आयलीन फोर्ड यांचे नाव झाले ते याच प्रश्नाच्या उत्तरामुळे.

सेक्रेटरी ते संस्थापक

मॉडेल एजन्सी हा धंदा फोर्ड यांनी शोधून काढलेला नाही. न्यूयॉर्कमध्ये जॉन रॉबर्ट पॉवर्स याने १९२३ सालीच अशी एजन्सी काढली होती. जाहिरातदारांना चेहरे हवे होते, नट-नट्यांना फावल्या वेळचे काम हवे होते आणि पॉवर्सने दोघांची गाठ घालून दिली. पुढे हॅरी कॉनोव्हर हा त्याचा प्रतिस्पर्धी उभा राहिला.

आयलीन ऑटे हिचा जन्म २५ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. कॉलेजात असताना सुट्टीत तिने कॉनोव्हरच्या एजन्सीतर्फे थोडे मॉडेलिंग केले. १९४३ साली ती बर्नार्ड कॉलेजातून पदवीधर झाली. १९४४ साली जेरी फोर्ड या नौदलातील तरुणाशी तिचा विवाह झाला. पुढे तिने फोटोग्राफरच्या हाताखाली आणि फॅशनच्या वार्तांकनात नोकऱ्या केल्या. म्हणजे मॉडेल, फोटोग्राफर आणि गिऱ्हाईक, या तिन्ही बाजू तिने आतून पाहिल्या होत्या.

१९४६ साली तिला दिवस गेले होते आणि घरखर्चाला पैसे हवे होते. तिच्या ओळखीच्या मॉडेल मुलींना एक अडचण होती. त्या दिवसभर स्टुडिओत, मग कामाचे फोन घ्यायचे कोणी? आयलीनने ते काम पत्करले. फोन घ्यायचे, वेळा ठरवायच्या, वही ठेवायची, आणि त्याबद्दल प्रत्येकीने महिन्याला ६५ डॉलर द्यायचे. पुढे जगभर गाजलेल्या कंपनीची सुरुवात अशी एका सेक्रेटरीच्या वहीतून झाली. १९४७ साली मुलीचा जन्म झाला, तेव्हा हे फोन जेरीने सांभाळले. जेरी त्या काळात हिशेबशास्त्र शिकत होता, म्हणजे आपल्याच जातकुळीचा! लवकरच नवराबायकोने मोटार विकली, जागा भाड्याने घेतली आणि पूर्ण वेळचा धंदा सुरू केला.

व्हाउचरची युक्ती

त्या काळी मॉडेलची खरी तक्रार कामाबद्दल नव्हती, पैशांबद्दल होती. काम आज व्हायचे. जाहिरात कंपनीचे बिल दोन-तीन महिन्यांनी चुकते व्हायचे, आणि तोवर मॉडेलने वाट पाहायची. नॅटली निकर्सन ही त्या वेळची आघाडीची मॉडेल आणि आयलीनची मैत्रीण. तिचेही पैसे असेच अडकत. जिला सर्वाधिक मागणी तिची ही गत, तर नवख्या मुलींचे काय होत असेल?

फोर्ड दांपत्याने उपाय काढला तो व्हाउचरचा. काम संपले की मॉडेलने व्हाउचर भरायचे आणि गिऱ्हाइकाची सही घ्यायची. ते एजन्सीत दिले की एजन्सी आपले कमिशन कापून मॉडेलला पैसे देणार. गिऱ्हाइकाकडून वसुली कधी होईल ती होवो, तो एजन्सीचा प्रश्न. म्हणजे 'थांबायचे कोणी' या प्रश्नाला फोर्ड यांनी उत्तर दिले: आम्ही.

हे उत्तर फुकटचे नाही, हे हिशेबाने पाहू. समजा, एका कामाचे बिल एक लाख रुपये आणि कमिशन वीस टक्के. मॉडेलला ८०,००० रुपये आज द्यायचे आणि गिऱ्हाइकाचा लाख रुपयांचा चेक तीन महिन्यांनी यायचा. वर्षाला बारा टक्के व्याज धरले तर ८०,००० रुपयांचे तीन महिन्यांचे व्याज २,४०० रुपये होते. म्हणजे २०,००० रुपयांच्या कमिशनमधून एवढे व्याजातच गेले. शिवाय गिऱ्हाईक बुडाले तर सगळे ८०,००० गेले. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना प्रेषण खात्यांमधील 'डेल क्रेडेर कमिशन' आठवत असेल. उधारी बुडाली तर तोटा सोसण्याची हमी एजंट घेतो आणि त्याबद्दल जादा कमिशन घेतो. फोर्ड यांनी हमी तर घेतलीच, वर पैसेही आधी दिले.

मग त्यांचा फायदा कशात? तर नामवंत मॉडेल त्यांच्याकडे आपण होऊन येऊ लागल्या. डोरियन ली, तिची बहीण सूझी पार्कर, जीन पॅचेट, कार्मेन डेलोरेफिचे ही त्या काळातील मोठी नावे फोर्डच्या यादीत होती. चांगले चेहरे एका ठिकाणी मिळू लागले म्हणून गिऱ्हाइके तिकडे वळली. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून बिले वेळेवर येऊ लागली असतील, हे सांगायला नकोच. ज्या अडत्याकडे पैसा वेळेवर मिळतो, त्याच्या दारात गाड्यांची रांग लागते, हे आमच्या आदिलाबादेत कोणीही सांगेल.

जेरीने धंद्याची हिशेबी बाजू बांधली. ठरलेले काम ऐनवेळी रद्द झाले, किंवा कपड्यांच्या मापासाठी मॉडेलला बोलावले, तर त्या वेळेचेही पैसे लावायचे, अशा रीती पक्क्या केल्या. १९७३ साली फोर्डची मॉडेल लॉरेन हटन हिचा रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीशी दीर्घ मुदतीचा करार झाला. तोवर तासावर मोजले जाणारे काम आता वर्षांच्या करारावर आले. आयलीन यांचे काम वेगळे होते. गावोगावच्या मुली हेरायच्या, त्यांना घडवायचे, आणि लहान वयात शहरात आलेल्या काहींना तर त्या आपल्या घरातच ठेवून घेत. तिथे जेवणाच्या आणि झोपण्याच्या वेळा ठरलेल्या असत.

याउलट उदाहरण पाहायचे तर कॉनोव्हरचे. ज्या एजन्सीतर्फे आयलीन यांनी सुट्टीत काम केले होते, त्याच एजन्सीचा परवाना मॉडेलांचे पैसे थकवल्याच्या तक्रारींवरून १९५९ साली गेला. एकाच शहरात, एकाच धंद्यात दोन एजन्सी. एकीने मॉडेलसाठी थांबायचे पत्करले, दुसरीने मॉडेललाच थांबवले. फळ ज्याचे त्याला मिळाले.

दुसरी बाजू

आयलीन फोर्ड यांची आरती ओवाळावी, असा माझा हेतू नाही. त्या बोलायला फटकळ होत्या. मुलीच्या तोंडावर तिच्या वजनातील आणि नाकातील दोष सांगत. उंच, सडपातळ, बहुधा गोऱ्या मुली, असा त्यांच्या पसंतीचा साचा होता. नेओमी सिम्स ही कृष्णवर्णीय मुलगी फोर्डकडे गेली, तेव्हा तिला नकार मिळाला. १९६७ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या फॅशन पुरवणीच्या मुखपृष्ठावर तिचे छायाचित्र छापून आले. विल्हेल्मिना कूपर यांनी त्याच वर्षी स्वतःची एजन्सी काढली होती. एके काळी त्या फोर्डच्याच मॉडेल होत्या. नेओमी त्यांच्याकडे गेली आणि तिने सौदा सुचवला: मी हे मुखपृष्ठ जाहिरात कंपन्यांना पाठवते, त्यावर तुमचा फोन नंबर देते. काम आले तर तुमचे कमिशन तुम्ही घ्या. काम आले, आणि भरपूर आले. वीस वर्षांच्या आतल्या या मुलीला कलम २१९ कोणी शिकवले नव्हते, पण तिला ते पुरते समजले होते: आधी काम, मग कमिशन.

पुढे स्पर्धा वाढली. जॉन कासाब्लांकास या पॅरिसच्या एजन्सीवाल्याने १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये 'एलिट'ची शाखा उघडली. मॉडेलांची पळवापळवी सुरू झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. वर्तमानपत्रांनी याला मॉडेलांचे युद्ध म्हटले. नंतर २००२ साली काही मॉडेलांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. बड्या एजन्सींनी संगनमत करून कमिशनचा दर वीस टक्के ठेवला, असा त्यांचा आरोप होता आणि प्रतिवादींमध्ये फोर्ड कंपनीही होती. प्रकरण तडजोडीने मिटले. म्हणजे मॉडेलच्या बाजूने उभी राहिलेली पेढी अर्ध्या शतकानंतर मॉडेलांच्याच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. अडत्या कितीही चांगला असला तरी हिशेबपट्टी आपण वाचलीच पाहिजे, हा यातला धडा.

१९९५ साली कारभार केटी फोर्ड या मुलीकडे गेला. २००७ साली कंपनीतील मोठा हिस्सा एका गुंतवणूक संस्थेला विकला गेला. जेरी ऑगस्ट २००८ मध्ये वारले. आयलीन यांचे निधन ९ जुलै २०१४ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी झाले.

आपल्याकडेही या क्षेत्रात मराठी मुली गेल्या आणि नावारूपाला आल्या. नागपूरच्या मधू सप्रे १९९२ साली मिस इंडिया झाल्या आणि त्याच वर्षी विश्वसुंदरी स्पर्धेत तिसऱ्या आल्या. नागपूर आमच्या आदिलाबादहून सडकेने सरळ उत्तरेला. त्यामुळे या वाटेवर जाणे चुकीचे आहे, असे मी म्हणणार नाही. वाटेवर कोणाबरोबर जायचे, हे मात्र पारखून घ्यावे.

बेळगावचा निकाल

आठव्या दिवशी मी काकांपुढे वही ठेवली. तीत एकच हिशेब होता. समजा, ही एजन्सी चाळीस मुलींकडून प्रत्येकी पंचवीस हजार घेते. झाले दहा लाख. एकाही मुलीला काम मिळाले नाही तरी हे दहा लाख तिचेच. आता समजा, ती फक्त वीस टक्के कमिशन घेते. तेच दहा लाख मिळवायला तिला मुलींना पन्नास लाखांचे काम आणून द्यावे लागेल. पहिल्या एजन्सीचे गिऱ्हाईक मुलगी असते. दुसरीचे गिऱ्हाईक जाहिरातदार असतो आणि मुलगी तिची प्रिन्सिपल असते. फोर्डच्या व्हाउचरमध्ये पैसा एजन्सीकडून मुलीकडे जात होता. इथे काम सुरू व्हायच्या आधीच तो मुलीकडून एजन्सीकडे जाणार होता.

ताईला राग आला. ती म्हणाली, "तुला काय कळते रे यातले? फोटोंशिवाय कोण काम देईल?" तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. फोटो तर लागतातच आणि फोटोग्राफर फुकट काम करत नाही. मग आम्ही दोघांनी मिळून एजन्सीला पत्र लिहिले. फोटोंचा खर्च पहिल्या कमाईतून कापून घ्यावा. हवे तर पहिल्या वर्षी वीसऐवजी तीस टक्के कमिशन घ्यावे. अथवा फोटो आमच्या ओळखीच्या फोटोग्राफरकडून काढू द्यावेत. या तिन्हींपैकी एकालाही उत्तर आले नाही. तिला काम नक्की मिळेल असा त्यांचा स्वतःचा विश्वास असता, तर तीस टक्के कोण सोडील?

त्यानंतर चार महिन्यांनी ताईला गावातल्याच एका साडीच्या दुकानाच्या छापील पुस्तिकेचे काम मिळाले. फोटो सुंदर आले. पैसे मिळायला मात्र तिला तीन हेलपाटे पडले. तिसऱ्या खेपेला मी सोबत गेलो आणि सही केलेला कागद पुढे ठेवला, कारण काम सुरू करण्यापूर्वी मी तिला तो लिहून घ्यायला लावला होता. तेव्हा रक्कम हातात पडली. घरी येताना ती म्हणाली, "तुझ्या त्या फोर्डबाई बेळगावात असत्या तर बरे झाले असते."

पण दुसऱ्या दिवशी ती हेही म्हणाली, की त्या एजन्सीला पैसे भरले असते तर कदाचित आज ती मुंबईत असती. यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी तिचे पंचवीस हजार वाचवले की तिची संधी घालवली, हा हिशेब अजून जुळलेला नाही. ताळेबंदाची एक बाजू मला दिसते, दुसरी दिसत नाही.

वाचक मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी नोकरी देणाऱ्या, परदेशी पाठवणाऱ्या, नाटक-सिनेमात घेणाऱ्या किंवा फोटो छापणाऱ्या एजंटाकडे जाईल. जाताना दोनच प्रश्न विचारावेत. याचे पोट माझ्या कमाईवर भरते की माझ्या फीवर? आणि पैसे अडकले तर थांबणार कोण? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कमाईवर' आले तर पुढे बोलावे. दुसऱ्याचे उत्तर 'मी थांबेन' असे देणारा एजंट भेटला, तर त्याचे कमिशन आनंदाने द्यावे. बाबांना मी ही सगळी कथा फोनवर सांगितली. फोर्डबाईंचे नाव त्यांच्या लक्षात राहिले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "त्या बाईची कापसाची अडत आहे का रे कुठं?"

— बी. कॉम., द्वितीय वर्ष